शिजलंय का बघ

हंगाम सुरू झाल्याचं मला पेपरातून कळत नाही, दोरीवरच्या बनियनवरून कळतं. साखर कारखान्याच्या धुराड्यातली काजळी वाऱ्यावर येते आणि धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांवर बारीक काळे ठिपके टाकून जाते. झटकली तर पसरते, फुंकली तर उडते. हे आमच्या घरात शालनला माहीत आहे. मी दर वर्षी झटकतो आणि दर वर्षी बोलणी खातो. परवा सकाळीही खाल्ली. "किती वर्सं सांगायचं? फुकायची आसती ती!" ओसरीवरून तिचा आवाज आला, चांगला खणखणीत, रस्त्यापलीकडच्या गोठ्यापर्यंत जाणारा. मी हातात सदरा धरून तसाच उभा राहिलो. एक अख्खा हिवाळा मी या आवाजासाठी आसुसलो होतो, आणि आता तो रोज ऐकू येतो तर त्याचं काही वाटेनासं झालंय. माणूस मोठा कृतघ्न प्राणी आहे, निदान मी तरी आहे.

आमचं घर कळंबच्या अलीकडं, रस्त्याला लागून. हंगामात इथली हवाच वेगळी होते. मळीचा आंबूस वास सकाळी अंथरुणातच गाठतो. उसाला तुरे आलेले असतात, आणि दव सुकेपर्यंत ते खाली मान घालून उभे असतात. तोड सुरू असलेल्या फडातून कोयत्यांचा आवाज येत राहतो, पाचट पायाखाली कुरकुरतं, उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाढं खाऊन म्हशीच्या दुधाला गोडसर चव येते. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या झुलत जातात आणि त्यांच्या मागं रस्त्यावर उसाची दांडकी पडत राहतात. आमच्याकडं त्याचं कुणाला काही वाटत नाही. पाऊस पडतो तशी हंगामात दांडकी पडतात.

त्यातलंच एक, तीन वर्षांपूर्वी, आमच्या गाडीच्या पुढच्या चाकाखाली आलं.

सकाळची वेळ होती. बारामतीला आमच्या लेकीकडं, दीपाकडं, निघालो होतो. शालन मागं एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर सोलाण्यांची पिशवी. नातवंडांना हिरवे हरभरे आवडतात म्हणून आदल्या दिवशी बसून सोललेले. दांडकं चाकाखाली आलं, गाडी घसरली. माझं कोपर खरचटलं. तिची हनुवटी डांबरावर आपटली. सोलाणे रस्ताभर झाले होते, आणि मला आठवतं, तोंडातून रक्त येत असताना ती आधी हातानं तेच गोळा करायला लागली होती.

जबडा दोन जागी मोडला होता. बारामतीच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं आणि वरचे दात खालच्या दातांना तारांनी बांधून टाकले. पाच आठवडे. दातांच्या फटीतून जे जाईल तेच खायचं, म्हणजे प्यायचं.

त्या पाच आठवड्यांत मला कळलं की आमचं घर आवाजावर चालत होतं. गॅस संपत आलाय, मोटर बंद करा, पाव्हणे येणार आहेत, चप्पल उन्हात काढू नका, हे सगळं मला ऐकू यायचं आणि मी ते करायचो. मला वाटायचं मी स्वतःहून करतोय. आवाज गेला आणि मी घरातल्या घरात वाट चुकल्यासारखा हिंडायला लागलो. म्हैससुद्धा पान्हा सोडेना. धार काढताना शालन तिच्याशी बोलायची ना! मी शाळेत लेखनिक होतो, बत्तीस वर्षं पत्रव्यवहार सांभाळला, पण म्हशीशी काय बोलायचं ते मला सुचेना.

शालन खुर्चीत बसून असायची. काही हवं असलं तर वाटी फरशीवर आपटायची. दूध, डाळीचं पाणी, भाताची पेज, सगळं नळीनं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या.

तारा काढल्या त्या दिवशी मी पेढे घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी पेढा घेतला आणि मग सांगितलं की खरं काम आता आहे. जबडा आखडला होता. तोंड एक बोट आत जाईल एवढंच उघडत होतं. स्वतःची तीन बोटं, एकावर एक उभी, दातांमध्ये मावली पाहिजेत, म्हणजे जबडा बरा झाला. "महिनाभर आहे आपल्याकडं," डॉक्टर म्हणाले. "रोज व्यायाम करा, चावायला लागा. मऊपासून सुरू करा, भाकरीपर्यंत या. नाहीतर भूल देऊन उघडावं लागेल, आणि त्यानंतरही आखडणार नाही असं मी सांगत नाही." आइसक्रीमच्या काड्यांसारख्या लाकडी पट्ट्यांचा एक जुडगा दिला. दातांमध्ये एकेक वाढवत घालायच्या.

घरी आल्यावर शालननं त्या पट्ट्या फळीवर मागं सरकवून ठेवल्या. मी आग्रह केला तेव्हा दातांच्या फटीतून म्हणाली, "मी काय बैल हाय व्हय, नळकांडं घालून औशीद पाजायला?"

दुखत होतं, हे खरं. पण नुसतं दुखण्याला घाबरणारी बाई ती नव्हे. दीपाच्या बाळंतपणात कळा सुरू होईपर्यंत रानात खुरपत होती. तिला भीती होती ती त्या आवाजाची. पडताना कानाशी काहीतरी 'कट' वाजलं होतं, आणि तोंड जरा ताणलं की तिला ते पुन्हा वाजेलसं वाटायचं. दुसरं म्हणजे लाज. खाताना ओठाच्या कोपऱ्यातून सांडायचं. चारचौघांत पदर तोंडाला लावून बसायची. आठवडाभर असाच गेला. एका दुपारी दुधाचा पेला ठेवून ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की. पिऊन बी जगता येतंय मानसाला."

मी या वाक्यानं जितका घाबरलो तितका रस्त्यावरच्या रक्तानं घाबरलो नव्हतो.

आमच्या घरात ठरवणं हे शालनचं खातं. मी अंमलबजावणीला. पण त्या दुपारी मी ठरवलं. ही बाई महिन्याच्या आत भाकरी चावून खाईल, आणि भूल न घेता खाईल. कसं, ते माहीत नव्हतं. ठरवलं एवढं खरं.

रविवारी दीपा आली. पिशवीतून तिनं दोन पाकिटं काढली. आत बोटाच्या पेराएवढ्या, वाकड्या, पिवळसर नळ्या. लग्नाच्या पंगतीत तळून वाढतात त्या रंगीत नळ्यांच्या गरीब बहिणी वाटाव्यात अशा.

"पास्ता हाय, आण्णा. तळायचा न्हाय," ती आधीच म्हणाली. आपल्या बापाला ओळखते. "सूप करायचं. भाज्या बारीक चिरा, कांदा-लसूण परता, पाणी घालून मऊ शिजवा. शेवटी हे टाका. मिरपूड घाला, मसाला नको, तोंडाला झोंबंल. आमची पोरं वाटी-वाटी खात्यात."

"त्यापरास खीर काय वाईट? शेवया हायेत घरात."

"खीर गिळली जाती. हे चावावं लागतंय. मऊ हाय, पर चावावं लागतंय. आन एका बोटाच्या फटीतनं जातंय."

लेक शिकलेली असली की असा फायदा होतो.

आता मी स्वयंपाक करणार म्हटल्यावर गावात कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. गावच्या देवाच्या भंडाऱ्याला आमटीचं पातेलं वीस-बावीस वर्षं माझ्याकडं आहे. आमच्या भागात ही एक गंमतच आहे. घरात ज्या पुरुषानं कधी चहाचं आधण ठेवलेलं नाही, तो भंडाऱ्याला हजार माणसांचा भात रांधतो. धोतर खोचून, हातात वल्ह्याएवढा उलथणा घेऊन. बायका त्या दिवशी फक्त जेवायला येतात आणि नावं ठेवून जातात. आणि भंडाऱ्याचा एक नियम आहे. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय स्वयंपाक चाखायचा नाही. मीठ ओंजळीनं ओळखायचं, तिखट वाफेच्या वासावरून, भात शीत दाबून. इतक्या वर्षांत मी शिजत्या पातेल्यातला एक थेंब जिभेला लावलेला नाही. हात तसा जातच नाही.

तर सोमवारी सकाळी मी आमच्या स्वयंपाकघरात शिरलो तो हजार माणसांचा आचारी म्हणून. माळ्यावरचं मोठं पातेलं काढलं. बांधावरची गाजरं, घेवडा, कोबी, टोमॅटो, सोलाणे, सगळं विळीवर चिरलं. फोडणी दणक्यात दिली. पाणी उकळलं तसा दोन्ही पाकिटं पातेल्यात रिकामी केली, वरून मीठ टाकलं. एका माणसासाठी किती, हा प्रश्नच मला पडला नाही. माझ्या हाताला पन्नासच्या खालचं माप येत नव्हतं.

तो पास्ता फुगायला लागला. मी पाणी घातलं. तो आणखी फुगला. अर्ध्या तासानं पळी पातेल्यात उभी राहिली. शालन दाराशी येऊन बघत होती. तिचे डोळे मोठे झाले, पण तोंड काही उघडेना. मी वाटी भरून दिली. तिनं एक चमचा आत सरकवला आणि बेसिनकडं गेली. नुसतं मीठ.

उरलेलं पातेलं मी डोक्यावर घेऊन फडावर गेलो. आमच्या उसात बीडकडची टोळी तोडायला आली होती. त्यांनी भाकरीबरोबर ते सगळं संपवलं. एक म्हातारी बोटं चाटत म्हणाली, "शेंगोळ्यावानी हाय की वो. पर मीठ कुनी घातलं? भांडान झालं व्हतं का घरात?"

हजारांचा स्वयंपाक सोपा असतो. चूक झाली तरी ती हजार पानांवर वाटली जाते. एका वाटीतली चूक मात्र एकाच माणसाला खावी लागते.

दुसऱ्या दिवशी कळंबवरून नवं पाकीट आणलं आणि लहान पातेली घेतली. एक गाजर, चार शेंगा, एक टोमॅटो, मूठभर सोलाणे, मूठभर पास्ता. मूठ माझी नव्हे. शालननं पुढं येऊन स्वतःची मूठ पाकिटात घातली आणि पातेलीत सोडली. मीठ तिनंच टाकलं, चिमटीनं. मग मी तो उकळताना बघत बसलो, आणि आता शिजला की नाही ते कळेना. भाताचं शीत दाबता येतं. ही नळी बाहेरून मऊ लागते, बोटातून सटकते आणि आत कच्ची राहते. दीपाला फोन केला. ती म्हणाली, "चाखून बघा की, आण्णा!" सांगायला सोपं. मी पळीत दोन नळ्या घेतल्या, फुंकल्या, आणि हात तोंडाजवळ नेऊन थांबलो. बावीस वर्षांची सवय. काहीतरी उष्टावतोय असं वाटलं. मग सुचेना म्हणून पळी तशीच शालनपुढं धरली.

"शिजलंय का बघ."

तिनं नळी उचलली. पुढच्या दातांत धरली आणि चावली.

चावली! ती आपल्याच नादात होती. मान तिरकी करून, डोळे बारीक करून, जशी उभ्या जन्मात हजारदा डाळ, शेंगा, मटकी बघितली असेल तशी. "मधी कच्चं हाय," ती म्हणाली. मी पाच मिनिटं उकळून पुन्हा पळी धरली. ती पुन्हा चावली. "अजून येक उकळी." तिसऱ्यांदा म्हणाली, "झालं." मग वाटीतलं मात्र तिनं चमच्यानं चेचून, सुरकन ओढून प्यायलं.

म्हणजे असं होतं. खाण्यासाठी ही बाई चावणार नव्हती, पण शिजलंय का ते बघण्यासाठी चावत होती. आजारी माणूस घाबरला होता, स्वयंपाकीण घाबरली नव्हती.

मग मी वाकड्या वाटेनं निघालो. दीपाकरवी डॉक्टरांना विचारून घेतलं. ते म्हणाले, हळूहळू कडक देत जा, दुखलं तर थांबा. रोज सूप. सकाळी विळी घेऊन बसायचं. गाजराच्या फोडी रोज जराशा मोठ्या करायच्या. नळ्या रोज अर्धा मिनिट आधी पळीत घ्यायच्या. आणि चेहऱ्यावर साफ अडाणीपणा आणून विचारायचं, शिजलंय का बघ. एका वाटीला तिचे चावलेले पाच घास व्हायला लागले, मग सात. घेवड्याची शेंग पण बघ, सोलाणा पण बघ. काजळी दोरीवर पडत होती, फड मागं सरकत होता, कारखान्याचा भोंगा वेळेवर होत होता, आणि आमच्या घरात रोज अकरा वाजता एक नळी दातांखाली जात होती. दोन बोटं मावायला लागली. मला हुरूप आला, आणि हुरूप आला की माझं जे होतं तेच झालं. मी घाई केली.

त्या दिवशी नळी जवळजवळ कच्चीच होती. तिनं दाढेखाली घेतली, दाबली, आणि कळ मस्तकात गेली असावी. पळी माझ्या हातातून उडाली. जबडा धरून ती मागच्या दारानं गोठ्यात गेली. दोन दिवस फक्त दूध प्याली. पळी पुढं केली की तोंड फिरवायची. तोंडाची फट पुन्हा बारीक झाली.

तिसऱ्या दिवशी मी सूप केलं. तरीही केलं. मऊ, अगदी लिबलिबीत. वाटी घेऊन गोठ्याच्या दारात तिच्यासमोर उकिडवा बसलो. ती घेईना. किती वेळ गेला कुणास ठाऊक. वाटीवर साय धरली. आणि मी जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते माझ्या तोंडून निघालं.

"शालन, ते दांडकं मला दिसलं हुतं. लांबनंच दिसलं हुतं. म्हनलं, जाईल वरनं. ब्रेक दाबला न्हाय मी."

पाच आठवडे मी याच वाक्याची वाट बघत होतो, तिच्याकडून. मला वाटायचं, तारा निघाल्या की पहिलं हेच येईल. नाही आलं, तेव्हा ते माझ्याच घशात अडकून बसलं.

ती म्हशीकडं बघत म्हणाली, "मला बी दिसलं हुतं."

"आं?"

"तुमच्या खांद्यावरनं दिसलं हुतं. वाटलं, वराडावं. मग म्हनलं, त्यांस्नी दिसलंच आसंल. सारखं काय वराडायचं? सारखी वराडती म्हनून तुमी कावता न्हवं." पदरानं तिनं ओठाचा कोपरा पुसला. "त्या दिशी मीच तोंड उघाडलं न्हाय."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, आणि तिनंही न बघितल्यासारखं केलं नाही. मग तिनं वाटीत चमचा घातला, एक नळी काढली, दातांत धरली आणि नाक मुरडलं.

"पार लगदा केलाय. उद्या जरा कमी उकळा."

महिना संपायला दोन दिवस राहिले तेव्हा डॉक्टरांसमोर ती खुर्चीत ताठ बसली. आपली तीन बोटं उभी धरली आणि त्यांच्याकडं बघून म्हणाली, "माजी बोटं खुरपून जाड झाल्याती. तुमची बारीक हायती, तुमची धरा की." डॉक्टर हसले. म्हणाले, ज्याची त्याचीच धरायची. मग तिनं डोळे मिटून तोंड उघडलं. पहिलं बोट, दुसरं. तिसऱ्याला ती थांबली. कपाळावरची शीर ताठ झाली. मी माझं तोंड उघडून बसलो होतो, हे मला सोबत आलेल्या दीपानं नंतर सांगितलं. तिसरं बोट आत गेलं. घरी येऊन तिनं स्वतः तव्यावर बाजरीची भाकरी टाकली आणि कडेचा पापुद्रा मोडून, चावून खाल्ला. मी मोजत नव्हतो, पण अर्ध्या भाकरीला बराच वेळ लागला.

ते सूप मात्र आमच्या घरात राहिलं. हंगाम आला, काजळी पडली, सोलाणे निघाले की मी लहान पातेली काढतो. परवाही काढली, बोलणी खाऊन झाल्यावर. आता ती उसाचं कांडं दातानं सोलते. डॉक्टरांनी नको म्हटलेलं आहे, पण ते खातं तिचं आहे. सूप उकळायला लागलं तसा मी पळीत दोन नळ्या घेऊन ओसरीवर गेलो.

"शिजलंय का बघ."

"आता तरी सवता चाखा की! तीन वर्सं झाली, अजून माज्याच म्होरं पळी?"

"निवद दाखवल्याबिगर मी चाखत न्हाय, तुला म्हाईत हाय."

तिनं नळी दाढेखाली घेतली आणि सावकाश चावत माझ्याकडं बघत राहिली.

"निवद म्हनं! त्या वर्सी रोज कच्चं आनत हुता, त्यो बी निवदच का? देवाला कच्चं घालतंय व्हय कुनी?"

माझ्या हातात रिकामी पळी. "तुला कळत हुतं?" मी विचारलं. "मग चावलंस कशाला?"

"तुमी रोज येवढ्या हट्टानं कच्चं ठेवत हुता," ती म्हणाली. "म्हनलं, आपुन बी हट्टानं चावावं." मग घास गिळून तिनं आत बोट दाखवलं. "आजचं बी कच्चंच हाय. जावा, ठेवा परत."

मी आत जाऊन पातेली पुन्हा गॅसवर ठेवली.